करीना, प्रकरण आणि केस

मराठीतला 'प्रकरण' हा शब्द मोठा सोयीचा आहे. ग्रंथाच्या विभागाला आपण प्रकरण म्हणतो, कचेरीत धूळ खात पडलेल्या कामालाही प्रकरण म्हणतो, आणि शेजारच्या घराविषयी जी कुजबुज चालते तिलाही प्रकरणच म्हणतो. संस्कृत नाट्यशास्त्रात हे एका रूपकप्रकाराचे नाव आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' हे प्रकरण. आणि त्याच्या नवव्या अंकात न्यायाधिकरणापुढे जे चालते तेही आजच्या अर्थाने प्रकरणच. त्या अंकातला एक बारकावा सहसा चर्चेत येत नाही. फिर्यादी शकाराच्या तोंडून नको ते निसटते, कायस्थ ते जमिनीवर टिपून घेतो, आणि शकार ते अक्षर पायाने पुसून टाकतो. कोणाचे बोलणे लिहिले जाते, कोण लिहिते आणि पुसण्याची मुभा कोणाला असते, हे तीन प्रश्न त्या एका कृतीत आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या रंगभूमीपासून फार दूरचा आहे. पण आम्हांला हेच तीन प्रश्न पुढे न्यायचे आहेत.

वैद्यक, व्यवस्थापन, संज्ञापन आणि डिझाइन या चार विषयांच्या उच्च शिक्षणात गेल्या सव्वाशे वर्षांत एक समान साधन रुजले आहे. त्याला सगळीकडे 'केस' म्हणतात. एका रोग्याची, एका कंपनीची, एका गावाची किंवा एका वस्तूची हकिगत सविस्तर सांगायची, विद्यार्थ्यांना तिच्याशी झुंजायला लावायचे, आणि अशा अनेक हकिगतींतून नियमाकडे जायचे. या चारही शाखांतील संशोधनाच्या पायाशी अशी हकिगत असते. तक्ते आणि टक्केवारी नंतर येतात. हकिगत आली की निवेदक आला, निवेदनाचा कोन आला, गाळणे आणि ठेवणे आले. म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाचे सगळे सामान आले. तरीही आपल्याकडे या लेखनप्रकाराचा इतिहास साहित्याच्या बाजूने फारसा वाचला गेलेला नाही.

प्रारंभ ग्रीकांपासून करण्याची रीत आहे, तीही टाळण्याचे कारण नाही. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या 'एपिडेमिक्स' या ग्रंथसमूहाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागांत मिळून ४२ रोग्यांच्या नोंदी आहेत. कोणता रोगी कोठे राहत होता, कितव्या दिवशी घाम आला, कितव्या रात्री झोप लागली नाही, आणि शेवट काय झाला. निम्म्याहून अधिक रोगी दगावले आहेत आणि लिहिणाऱ्याने ते लपवलेले नाही. यशाची जाहिरात करण्याचा मोह ज्या व्यवसायाला सर्वांत अधिक, त्याच्या सर्वांत जुन्या नोंदी इतक्या कोरड्या प्रामाणिकपणाने लिहिल्या जाव्यात, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

आधुनिक 'केस' मात्र अथेन्सहून आलेली नाही, ती बोस्टनहून आली. १८७० साली क्रिस्टोफर लँगडेल हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी करारविषयक न्यायनिवाड्यांचा संग्रह पाठ्यपुस्तक म्हणून छापला. व्याख्यान ऐकून कायदा शिकायचा नाही, मूळ निवाडे वाचून त्यातून तत्त्व शोधायचे, ही त्यांची पद्धत. तीस वर्षांनी तिथल्याच वैद्यकीय शाखेत शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की आपल्या खोलीत राहणारा कायद्याचा विद्यार्थी अभ्यासाबद्दल रात्रीबेरात्री उत्साहाने बोलतो, आणि आपण मात्र व्याख्यानांच्या टिपणांत पेंगतो. १९०० साली त्याने लेख लिहून मागणी केली, की वैद्यकातही छापील रुग्णवृत्तांतांवरून शिकवावे. हाच कॅनन पुढे शरीरशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याची बहीण इडा कॅनन हिचे नाव त्या मानाने झाकलेले राहिले. डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सामाजिक सेवेचा विभाग सुरू केला, आणि तो पुढे इडाने उभा केला. रोग्याचे घर, त्याची मजुरी, खोलीतला अंधार, या गोष्टी रुग्णवृत्तांतात याव्यात की नाहीत, हा त्या विभागाचा प्रश्न होता. भावाने वृत्तांत वर्गात आणला आणि बहिणीने वृत्तांताबाहेर राहिलेला माणूस दाखवला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

तिसरी उडी व्यापाराची. हार्वर्डची व्यवस्थापनशाळा १९०८ सालची. पण केसपद्धती तिथे खऱ्या अर्थाने रुजली ती १९१९ साली वॉलेस डोनम प्रमुख झाल्यानंतर. डोनम स्वतः कायदा शिकलेले होते, हा योगायोग नव्हे. मात्र एक अडचण होती. कायद्याकडे निवाड्यांची शतकांची शिदोरी होती, वैद्यकाकडे रोगी होते. व्यापाराकडे लिहून ठेवलेले काहीच नव्हते. तेव्हा केस लिहिणारे लोक नेमून कारखान्यांत पाठवावे लागले. १९२१ साली एका पादत्राणे बनवणाऱ्या कंपनीवर जी केस तयार झाली, ती या परंपरेतली पहिली मानली जाते. ती जेमतेम पानभराची होती.

या व्यापारी केसचा घाट पुढे इतका पक्का झाला, की त्याला एक वाङ्मयप्रकारच म्हणावे. आरंभी एक अधिकारी पेचात सापडलेला असतो. मग कंपनीचा पूर्वेतिहास, बाजारपेठ, आकडे. आणि शेवटी पुन्हा तोच अधिकारी, निर्णयाच्या उंबरठ्यावर. निर्णय काय झाला ते सांगायचे नाही. नवकथेने जो उघडा शेवट मिरवला, तो इथे अध्यापनाची गरज म्हणून निर्माण झाला. कथाशास्त्राच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी, की नायक नेहमी निर्णय घेणारा असतो. ज्याच्यावर निर्णय कोसळतो तो कामगार आकड्यांच्या परिशिष्टात असतो. दुसरी अशी, की केस प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित कंपनीची लेखी संमती घेण्याचा प्रघात आहे. ज्याच्याविषयी लिहायचे त्याची परवानगी घेणे सभ्यपणाचे आहेच. परंतु कंपनीला जे नको ते केसमध्ये येणार नाही, हेही त्यातच आले. शकाराच्या पायाला इथे कायदेशीर मान्यता मिळाली, एवढाच फरक.

वैद्यकात पुसण्याची रीत निराळी, आणि ती भाषेत आहे. १९६८ साली लॉरेन्स वीड यांनी रुग्णनोंदींची नवी शिस्त मांडली. रोगी सांगतो ते एका खान्यात, तपासणीत दिसते ते दुसऱ्या, डॉक्टरचा अंदाज तिसऱ्या आणि पुढचा बेत चौथ्या खान्यात. या शिस्तीने असंख्य चुका टळल्या असतील. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण पहिल्या खान्याचे नाव 'सब्जेक्टिव्ह' आहे, म्हणजे व्यक्तिनिष्ठ, आणि दुसऱ्याचे वस्तुनिष्ठ. रोग्याचे बोलणे नोंदीत शिरताक्षणीच संशयास्पद ठरते. त्यात आपल्याकडे आणखी एक पायरी चढावी लागते. रोगी मराठीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. 'जीव खालीवर होतोय' असे म्हणणाऱ्या बाईला धडधड होते आहे, धाप लागली आहे, की चिंतेने ग्रासले आहे? शिकाऊ डॉक्टरला पाच मिनिटांत एक शब्द निवडावा लागतो. 'अंगात कणकण', 'पोटात कालवणे', 'हातापायांतले त्राण जाणे', 'अंगावरून जाणे' या शब्दप्रयोगांना शरीराचा एक पूर्ण मराठी नकाशा आहे, आणि तो इंग्रजी अवयवांच्या नकाशावर नेमका बसत नाही. भाषांतरमीमांसेचे इतके जिवंत उदाहरण दुसरे मिळणे कठीण; आणि या भाषांतरावर माणसाचे औषध ठरते.

या लेखनाची साहित्याशी असलेली सोयरीक वैद्यकातल्या थोरांना जाणवली नव्हती असे नाही. १८९५ साली 'हिस्टेरिया'वरील अभ्यासात फ्रॉइडने जरा संकोचूनच कबूल केले होते, की आपले रुग्णवृत्तांत लघुकादंबऱ्यांसारखे वाटतात आणि त्यांवर शास्त्राचा गंभीर शिक्का दिसत नाही. तो संकोच पुढच्या वैद्यकाने मनावर घेतला आणि लघुकादंबरी सोडून खाने आखले.

आता थोडे मागे आणि थोडे घराकडे यावयाचे आहे. मराठी भाषेत हकिगत नोंदवण्याची जी जुनी शिस्त होती, तिच्याकडे 'केस'च्या चर्चेत आपण पाहतच नाही. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या प्रत्यक्ष पाहिलेल्यांना गाठून, विचारून. आणि एका लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर पाठभेद राखण्याची रीत महानुभाव परंपरेने सांभाळली. हे भक्तिग्रंथाचे संपादन खरेच, पण साक्षी गोळा करण्याची ही काटेकोर पद्धत कोणत्याही क्षेत्रसंशोधकाला मान खाली घालायला लावील.

त्याहून जवळचे उदाहरण महजरांचे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, की सभेला हजर असलेल्यांची नावे प्रथम लिहिली जात. मग अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापली बाजू सांगत. या लेखी कथनाला कधी 'तकरीर' म्हणत, कधी 'करीना'. जेधे घराण्याचा करीना इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. करीन्यात बोलणारा स्वतः बोलतो: आपल्या आज्याने काय केले, भाऊबंदांनी कसे दगे दिले, वतन कसे गेले. त्यात बढाई असते, सोयीचे विस्मरण असते, मधूनच करुण असा एखादा तपशील असतो. पण प्रथमपुरुष पुसला जात नाही. निवाडा झाल्यावर महजरावर निशाण्या होत. पाटील नांगर काढी, बलुतेदार आपापल्या हत्यारांची चित्रे काढीत. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचीही खूण त्या कागदावर राहिली. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात या कागदांचा तपशीलवार विचार आहे. या सभेत सर्वांचे वजन सारखे होते, असे कोणी समजू नये. जातीची उतरंड तिथेही बसलेलीच होती, आणि पुरावा अपुरा पडला की तापलेल्या कढईत हात घालायला लावणारे दिव्यही होते. आम्हांला जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. एवढेच दाखवायचे आहे, की ज्याचे प्रकरण त्याचेच तोंड, आणि कागदाखाली त्याची खूण, ही लेखनव्यवस्था मराठीला ठाऊक होती.

संज्ञापनाच्या शाखेत आपल्याकडचा आरंभीचा एक मोठा प्रयोग याच मुलखात झाला, हे संज्ञापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपसांत चर्चा करायची, आणि जमल्यास काही करायचे. असे दहा आठवडे चालले. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याची सूत्रे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. ज्या गावांत रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि ज्या गावांत रेडिओच नाही, अशा गावांशी तुलना करण्यात आली. मंडळ असलेल्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तसे झाले नाही. म्हणजे ऐकण्याने जे साधले नाही ते बोलण्याने साधले. १९५९ साली जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने प्रसिद्ध केला आणि त्याच साली ही योजना देशभर नेण्यात आली.

न्यूराथ यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अगत्याचे आहे. चित्रांच्या साहाय्याने आकडेवारी सर्वसामान्यांना कळावी यासाठी 'आयसोटाइप' ही चिन्हभाषा उभी करणारे व्हिएन्नाचे ओटो न्यूराथ, ज्यांचे नाव डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, त्यांचे हे चिरंजीव. १९३८-३९ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथल्या नाझी छळछावण्यांत त्यांनी कैद भोगली. सुटून अमेरिकेत गेल्यावर १९४३ साली त्यांनी त्या छावण्यांतील समाजरचनेवर प्रबंध लिहिला. तो ग्रंथरूपाने बाहेर आला तो त्यांच्या २००१ मधील निधनानंतर. ज्याला स्वतःला छावणीत एक आकडा करून टाकण्यात आले होते, तो माणूस मराठी शेतकऱ्यांच्या चर्चेला निरीक्षक बसवतो आणि त्यांचे बोलणे टिपून घ्यायला लावतो, ही घटना आम्हांला केवळ योगायोगाची वाटत नाही. अर्थात अहवाल इंग्रजीत आहे. मंडळांतली मराठी वाक्ये त्यात इंग्रजीच होऊन आली आहेत.

डिझाइनकडे वळल्यावर केसचे रूप पुन्हा बदलते. तिथे हकिगत वस्तूची असते, आणि शिक्षण घडते ते गुरू-शिष्यांच्या संवादात. डोनल्ड शॉन यांच्या १९८३ सालच्या ग्रंथात वास्तुरचनेच्या वर्गातला असा एक संवाद सविस्तर दिला आहे. उतारावरची शाळा आखताना अडलेली पेत्रा आणि तिच्या कागदावर आपला कागद ठेवून रेघा ओढत बोलणारे क्विस्ट गुरुजी. शॉन यांनी तो संवाद एखाद्या नाट्यप्रवेशाप्रमाणे ओळ-ओळ वाचला, आणि त्यावर कामात गुंतलेल्या ज्ञानाची आपली सारी उपपत्ती उभारली. साहित्याच्या वाचकाला मात्र त्या प्रवेशात आणखी एक गोष्ट दिसते. पेत्राच्या वाट्याला फारच थोडी वाक्ये आहेत.

अहमदाबादेत १९६१ साली व्यवस्थापनाची आणि डिझाइनची अशा दोन राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. पहिलीने हार्वर्डच्या सहकार्याने केसपद्धती आणली. तिचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ साली आपण होऊन पद सोडले, आणि १९७५ साली डिझाइन संस्थेच्या सहकाऱ्यांसह राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात काम सुरू केले. जवाज्याची केस लिहून ती वर्गात शिकवता आली असती. मथाईंनी तसे करण्याऐवजी वर्गच तिकडे नेला. चर्मकार आणि विणकर यांनी आपल्या वस्तूंची नवी घडण, हिशेब, बँक, बाजार आणि अडते हे सारे स्वतः व्यवहार करीत शिकावे. प्राध्यापकांनीही त्यांच्यासोबत शिकावे. चुका झाल्या, गट फुटले, माल पडून राहिला. पण तिथल्या कारागिरांची संघटना उभी राहिली. मथाईंचे यावरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८५ साली आले. त्यांनी या साऱ्याला ग्रामीण विद्यापीठ म्हटले. त्या नावातले 'विद्यापीठ' आम्ही गंभीरपणे घेतो.

आणि गडचिरोली. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्यांतल्या फारच थोड्यांवर कधी उपचार झालेले होते. कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढ्यापुरतेच बाईचे शरीर पाहणाऱ्या आरोग्यधोरणाला या निबंधाने हादरा दिला. हे संशोधन होण्यासाठी प्रथम त्या स्त्रियांना बोलावे लागले होते, आणि कोणाला तरी त्यांचे शब्द कळावे लागले होते. 'कानोसा' हे राणीताईंच्या मराठी पुस्तकाचे नाव म्हणूनच पद्धतिशास्त्राचे नाव वाटते. पुढे अर्भकांच्या न्यूमोनियासाठी श्वास मोजण्याचा प्रश्न आला, तेव्हा अनेक दाया बारापर्यंतच मोजू शकत. त्यांना पन्नास-साठपर्यंत मोजायला शिकवत बसण्याऐवजी बंग दांपत्याने श्वासमापक केला: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. डिझाइनच्या कोणत्याही वर्गात मांडावी अशी ही वस्तू आहे. तिच्यात दाईला काय येत नाही याचा पाढा नाही, तिला जे येते त्याचा उपयोग आहे. नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा त्यांचा १९९९ सालचा निबंधही 'लॅन्सेट'मध्येच आला. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजातमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते.

अमेरिकेत १९७२ साली जोन ट्राउटमन या साहित्याच्या प्राध्यापिकेची नेमणूक एका वैद्यकीय महाविद्यालयात झाली, आणि २००० नंतर कोलंबिया विद्यापीठात रिटा शॅरन यांनी कथनाधिष्ठित वैद्यकाचा अभ्यासक्रमच उभा केला. आपल्याकडे २०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र घटक आला आहे. त्यासाठी मराठीचे प्राध्यापक बोलावले जावेत, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल काय? आपल्या विभागांनी तरी कधी रुग्णवृत्तांताचा एखादा कागद कथनशास्त्राच्या तासाला मांडला आहे?

एक कागद तर अगदी आपल्या हातच्या अंतरावर आहे. रुग्णालयाबाहेर, घरी झालेल्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी घरच्या माणसांना विचारून हकिगत लिहिण्याची पद्धत आहे. तिला मौखिक शवविच्छेदन म्हणतात. गडचिरोलीच्या कामात ती होती. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणीच्या आधारे २००१ नंतर जो दहा लाख मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यातही ती होती. प्रश्नावलीच्या शेवटी एक कोरी जागा असे. तिथे मृताच्या आईने, बायकोने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली हकिगत सुमारे अर्ध्या पानात, स्थानिक भाषेत, वैद्यक न शिकलेल्या प्रगणकाने लिहायची. ती भाषा जाणणारे दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवीत. मतभेद झाला तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर पाही. अन्यत्र संगणकाकडून कारण ठरवून घेण्याची पद्धत आल्यापासून ही कोरी जागा ऐच्छिक होत चालली आहे, कारण यंत्राला 'होय' आणि 'नाही' एवढी उत्तरे पुरतात. महाराष्ट्रातल्या घरांतून लिहिल्या गेलेल्या त्या अर्ध्या-अर्ध्या पानांत त्या माणसाला शेवटी काय झाले होते, कोणत्या दिवशी कोणाला बोलावले, गाडी मिळाली की नाही, हे मराठीत लिहिलेले आहे. त्यावर एक आकडी संकेत पडला आणि कागद बासनात गेला.